नवीन मॅडमसाठी, निबंधाचं थोडंसं

मॅडम, पोट्ट्यांले निबंध शिकवताना पयल्याच आठवड्यात पन्नास शब्द फळ्यावर लिहून पाठ करा म्हणू नका, मी तेच केलं होतं अन् पोट्टे चार दिवसात विसरले. रोज पाचच द्या, पण प्रत्येक शब्दाचं वाक्य पोट्ट्यांच्या घरच्या-गावच्या गोष्टीवर करून घ्या. ‘टंचाई’ शिकवताना एकानं लिहिलं, ‘कापूस वेचायले बायांची टंचाई आहे’, झालं, शब्द पक्का बसला.

परिच्छेदाचं म्हणाल तर एवढंच:
- एकात एकच मुद्दा, पयल्याच वाक्यात
- मग ‘कारण’, मग उदाहरण, तेही गावातलं, कपाशीवरच्या बोंडअळीचं सुद्धा चालते

सुरुवात-शेवट सध्या राहू द्या, महिनाभर मधलाच एक परिच्छेद लिहू द्या. अन् लाल पेनानं सगळ्या वेलांट्यांले गोल करू नका बाप्पा, पोट्टं लिहिणंच सोडते.