अर्क गढूळ, कडवट आणि न थिजणारा का येतो: कोंबडीच्या उरलेल्या भागांबद्दल

तुम्ही लिहिलंय की कापणीनंतर उरलेले पंजे, कातडी, माना, सांगाडे, कलेजी आणि पेटे (गिझर्ड) एकाच पातेल्यात चार तास उकळता. अर्क गढूळ येतो, मागे कडवट चव राहते आणि फ्रिजमध्ये ठेवूनही तो थिजत नाही. तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत, पण उपायाची सुरुवात एकाच ठिकाणी होते: पातेल्यात नाही, कापणीच्या टेबलावर. तिथेच चार डबे ठेवा. पंजे, कातडी-चरबी, सांगाडे-माना, कलेजी-पेटे. एकत्र ढीग केला की आतला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जंतू तिथेच वाढतात. वेगळं करून, उथळ थरात, बर्फात किंवा 4 अंशांखाली ताबडतोब थंड करा.

कडूपणा आधी. तो बहुतेक वेळा पित्ताचा असतो. कलेजी काढताना पित्ताची पिशवी फुटली की हिरवा डाग पडतो. तो धुवून जात नाही, तेवढा तुकडा कापून फेका. पेट्याच्या आतली पिवळी जाड साल सोलली नाही तर तिच्यातला खडा-भुसाही अर्कात उतरतो. खरं तर कलेजी अर्कात घालूच नये. तिची वेगळी पेस्ट करा आणि आतपर्यंत 74 अंश येऊ द्या. कलेजीच्या पृष्ठभागावरच नाही तर गाभ्यातही कॅम्पिलोबॅक्टर हा आजारी पाडणारा जंतू असू शकतो, त्यामुळे ‘आतून गुलाबी’ ही कलेजी शिजवण्याची पद्धत मला मान्य नाही.

गढूळपणा रक्ताचा आणि खळखळून उकळण्याचा. रक्ताची प्रथिनं गरम होताना गोठून बारीक कणांत विखुरतात, म्हणून सांगाडे आधी थंड मिठाच्या पाण्यात अर्धा-एक तास भिजवून ते पाणी फेकायचं. उकळीचा मार चरबीचे सूक्ष्म थेंब करतो, आणि अर्कात उतरलेलं जिलेटीनच (अर्क थिजवणारं प्रथिन) ते थेंब पाण्यात धरून ठेवतं. एकदा असं झालं की गाळून फायदा नाही. सांगाड्यांना 90 अंशांच्या आसपास, पृष्ठभागावर एखाद-दुसरा बुडबुडा येईल इतकीच आच द्या. एक किलोला दीड लिटर पाणी आणि चार-पाच तास पुरतात. पहिल्या अर्ध्या तासात फेस सतत काढा. नंतर काढून काही हाती लागत नाही.

आता पंजे. माझ्या मते तुमच्याकडचा सर्वांत मौल्यवान माल हाच, आणि तुम्ही त्याचंच सर्वांत जास्त नुकसान करताय. पंजांच्या कातडी-स्नायुबंधांत कोलॅजन हे चिवट प्रथिन भरपूर असतं. गरम पाण्यात त्याचं जिलेटीन होतं, पण पुढेही तितकीच उष्णता देत राहिलं की जिलेटीनच्या लांब साखळ्या तुटतात. तुटक्या साखळ्यांना पाणी धरणारं जाळं विणता येत नाही. तुमचा चार तासांचा अर्क थिजत नाही, त्याचं हे एक कारण असू शकतं.

पंजे 60 ते 65 अंशांच्या पाण्यात थोडाच वेळ बुडवा, पिवळं बाह्यावरण ओढून काढा, नखं छाटा. पाणी जास्त गरम असेल तर खालची कातडी शिजते आणि सोलताना फाटते. तळव्यावर काळे व्रण असलेले पंजे बाजूला काढा. उरलेले चिरून सुमारे दीड टक्के खाद्य दर्जाच्या सायट्रिक किंवा ॲसेटिक ॲसिडच्या द्रावणात, फ्रिजमध्ये 12 ते 24 तास ठेवा. भांडं स्टेनलेस स्टीलचं किंवा खाद्य दर्जाच्या प्लास्टिकचं असावं, ॲल्युमिनियमचं नको. तुकडे फुगून अर्धपारदर्शक होतात. एक कापून बघा: मधोमध पांढरट, अपारदर्शक रेघ दिसली तर आणखी काही तास हवेत. मग पाणी बदलत धुवा, सामू (pH) 4.5 ते 5 पर्यंत येऊ द्या. ॲसिड राहिलं तर आंबटपणा येतो आणि गरम करताना साखळ्या आणखी तुटतात. हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण इथेच घाई होते.

मग किलोला दोन लिटर पाणी घालून लवकर 60 अंशांच्या वर न्या आणि 60 ते 65 अंशांवर चार-पाच तास ठेवा. 60 च्या खाली रेंगाळू देऊ नका, कारण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जंतू 50 अंशांपर्यंत वाढतो. गाळा, चरबी काढा. त्याच पंजांवर नवं पाणी घालून 75 अंशांवर दुसरा अर्क, 90 वर तिसरा. प्रत्येक पुढचा अर्क अधिक गडद आणि कमी बळाचा असतो. ते एकमेकांत मिसळू नका. पहिला जेलीसाठी, तिसरा सूप-सॉसच्या दाटपणासाठी.

अर्क गाळल्यावर 80 अंशांवर दोन-तीन मिनिटं ठेवून थंड करा: 60 वरून 21 अंशांपर्यंत दोन तासांत, आणि पुढच्या चार तासांत 5 पर्यंत. खोल पातेलं हे कधीच साधणार नाही; पाच सेंटीमीटरहून कमी थराचे ट्रे वापरा.

कातडीसाठी जिलेटीन की चरबी, एक ठरवा. दोन्हीला वेगळं तापमान मानवतं. चरबीसाठी बारीक करून, थोड्या पाण्यात 85-90 अंशांवर तासभर ढवळा, गाळा, साका बसू द्या, वरची चरबी ओतून घ्या. मग बुडबुडे थांबेपर्यंत गरम करून पाणी उडवा. राहिलेलं पाणी चरबी फोडतं. कोंबडीच्या चरबीत ओलिक आणि लिनोलिक ही असंतृप्त मेदाम्लं जास्त, म्हणून ती मऊ राहते आणि लवकर खवट होते. तांब्या-पितळेचं भांडं तो खवटपणा वाढवतं. गरम असतानाच टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्व) किंवा रोझमेरीचा अर्क घाला, काठोकाठ भरा, अंधारात ठेवा.

सांगाड्यांवरचं मांस यंत्राने वेगळं करणं मात्र थोड्या प्रमाणावरच्या कामात टाळलेलं बरं: हाडांच्या मगजातलं लोह त्या मांसाला झपाट्याने खवट करतं. मांसातली प्रथिनं एन्झाइमने तोडून चवीचा अर्क करायचा असेल तर पपेन (पपईतलं एन्झाइम) चालेल, पण तोडणं लांबलं की कडू पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, साठतात. म्हणून दर अर्ध्या तासाने चव घ्या आणि कडवटपणाची पहिली खूण दिसताच 90 अंशांवर 15 मिनिटं गरम करून एन्झाइम थांबवा. आतडी, फुप्फुसं, नाकारलेल्या पक्ष्यांचे भाग यांपैकी काहीही अर्कात घालू नका. पिसांमधलं केराटिन हे प्रथिन गंधकाच्या बंधांनी बांधलेलं असतं, माणसाच्या पोटात पचत नाही; ते दाबाखाली वाफवून पशुखाद्यासाठी द्या.

दोन बॅचची तुलना करायची तर जेलीचं बळ मोजणाऱ्या ब्लूम चाचणीची पद्धत धरा: 6.67 टक्के सुकं जिलेटीन, 10 अंशांवर 16 ते 18 तास, मग 12.7 मिलिमीटरचा दट्ट्या 4 मिलिमीटर आत ढकलायला किती ग्रॅम लागतात ते मोजायचं. प्रयोगशाळा नसेल तर रिफ्रॅक्टोमीटरवर (विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणावर) चरबी काढलेल्या अर्काचं ब्रिक्स वाचन घ्या. दोनच्या खाली असेल तर तो पाणचट आहे आणि मंद आचेवर आटवावा लागेल. वाचन चार-पाच असूनही तो थिजत नसेल, तर पाण्याला दोष नाही, साखळ्या तुटल्यात. त्या बॅचचा सूप-सॉससाठीच उपयोग करा.