सर्बियात कवीही आणि राजदूतही असा कोणी होऊन गेला का? त्याचं काय वाचावं?

इवो आंद्रिचचं नाव पहिल्यांदा येईल. तो राजदूत होता, १९६१ चं नोबेलही त्याला मिळालं, पण ओळख मुख्यतः कथा-कादंबरीकाराची. कवीच हवा असेल तर योव्हान दुचिच किंवा मिलान राकिच. दुचिच जास्त गाजला, त्यानं लिहिलंही जास्त. माझा कल मात्र राकिचकडे.

जन्म १८७६, बेलग्रेडचा. पॅरिसला कायदा शिकला आणि येताना फ्रेंच कवितेचा रेखीवपणा घेऊन आला. उभ्या आयुष्यात कविता किती, तर पन्नासच्या आसपास! पहिला संग्रह १९०३ चा, दुसरा १९१२ चा.

मधल्या काळात तो कोसोवोतल्या प्रिश्टिना शहरात सर्बियाचा वाणिज्यदूत होता. कोसोवो तेव्हा उस्मानी साम्राज्यात होतं. तिथल्या सर्ब लोकांचे खून, लुटालूट, जाच याचे अहवाल तो बेलग्रेडला धाडत असे. शहराजवळच ग्राचानिका हा चौदाव्या शतकातला मठ आहे. त्यात सिमोनिदा राणीचं भित्तिचित्र आहे, डोळे खरवडलेलं. बायझंटाइन सम्राटाची ही मुलगी, पाचेक वर्षांची असताना सर्बियाचा राजा मिलुतिनला दिलेली. त्या चित्रावरची 'सिमोनिदा' ही कविता आधी वाचा. विझून गेलेल्या ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत येत राहतो, तसे हे नसलेले डोळे आपल्याकडे बघतात, अशी ती कल्पना. कवितेत डोळे फोडल्याचा आळ एका अल्बेनियन माणसावर येतो. तो मात्र जपून वाचावा. संतांच्या चित्रांतले डोळे खरवडून ती भुकटी औषध म्हणून घ्यायची चाल बाल्कनमध्ये होती.

दुसरी कविता 'गाझिमेस्तानवर'. सर्ब आणि उस्मानी फौजांमधल्या १३८९ च्या लढाईच्या मैदानावरची. १९१२ च्या बाल्कन युद्धात सर्बियन फौज तिथे पोचली तेव्हा एका सैनिकानं ती म्हटली. अधिकाऱ्यानं सांगितलं, 'हिचा कवी इथे आपल्यातच आहे.' राकिच आपला हुद्दा सोडून स्वयंसेवक म्हणून आला होता! हा किस्सा तिकडे आवडीनं सांगतात.

पुढे कोपनहेगन, सोफिया, रोम इथे सरकारचा प्रतिनिधी, आणि १९३८ मध्ये झाग्रेबला मृत्यू. या काळातल्या कविता शोधत बसू नका, जवळपास नाहीतच.