जुन्या पद्मिनीला जास्त क्षमतेचा अल्टरनेटर बसवताना

आपण लिहिलेली अडचण थोडक्यात अशी आहे : गाडी 1988 ची प्रीमियर पद्मिनी, तिला मागाहून एसी बसवलेला, पुढचे बल्ब 100/90 वॅटचे (हाय बीम 100, लो बीम 90) केलेले. पावसाळी रात्री सिग्नलला गाडी थांबली की दिवे पिवळे पडतात, वायपर रेंगाळतो आणि चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणू लागतो. अल्टरनेटरच्या (इंजिनच्या बेल्टवर फिरून गाडीसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) पट्टीवर 35 अँपियर लिहिले आहे आणि आपले इलेक्ट्रिशियन 90 अँपियरचा बसवा असे सुचवत आहेत. माझ्या मते अल्टरनेटर बदलणे भाग आहे, पण 90 चा घेऊ नये. त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे, त्याच्या आगेमागे असलेली वायर, अर्थिंग आणि बेल्ट यांचा विचार आधी झाला नाही तर नवा अल्टरनेटर बसवूनही तक्रार बरीचशी तशीच राहील.

आधी एकूण भार मोजू. इग्निशन कॉइल व मीटर मिळून सुमारे 5 अँपियर, हाय बीमचे दोन 100 वॅटचे बल्ब आणि मागचे दिवे मिळून 17, वायपर 4, एसीचा आतला ब्लोअर पूर्ण वेगात 13, कंडेन्सरचा पंखा 9, कॉम्प्रेसरचा क्लच 4, स्टिरिओ 5, आणि ब्रेकवर पाय असताना मागचे 21 वॅटचे दोन बल्ब म्हणजे आणखी 3. बेरीज 60 अँपियर होते. हे आकडे अंदाजाचे आहेत. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा) मिळत असेल तर बॅटरीच्या केबलवर लावून एकेक उपकरण चालू करत आपल्या गाडीचा खरा आकडा काढावा. मात्र असा मीटर डीसी मोजणारा हवा. घरगुती वायरिंगवाल्यांकडचे बरेचसे मीटर फक्त घरच्या विजेचा एसी प्रवाह मोजतात आणि येथे त्यांचा उपयोग नाही.

आता पट्टीवरच्या 35 या आकड्याबद्दल. तो आकडा अल्टरनेटरचा रोटर (आतला फिरता भाग) मिनिटाला साधारण 6000 फेऱ्या घेत असतानाचा असतो. इंजिन आयडलला (गाडी उभी, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही तेव्हा) 750 फेऱ्यांवर आणि पुलींचे प्रमाण दुप्पट धरले, तर रोटर जेमतेम 1500 फेऱ्या घेतो. त्या वेगाला अशा जुन्या अल्टरनेटरकडून 10 ते 15 अँपियर मिळाले तरी पुष्कळ झाले. म्हणजे सिग्नलला उभे असताना 40 हून अधिक अँपियर बॅटरीतून उपसले जात आहेत, आणि त्यामुळेच आपल्याला दिसणारी सर्व लक्षणे एकदम दिसतात. याच कारणाने नवा अल्टरनेटर निवडताना दुकानदाराला कमाल अँपियर न विचारता, 1500 ते 2000 फेऱ्यांना तो किती देतो हे विचारावे. कमाल क्षमता मोठी पण खालच्या वेगाला दुबळा, असा अल्टरनेटर शहरात वापरल्या जाणाऱ्या गाडीला उपयोगाचा नसतो.

खरेदीपूर्वी भार कमी करण्याचा सोपा मार्ग मात्र अवश्य अवलंबावा. 100/90 चे बल्ब काढून नियमात बसणारे 60/55 वॅटचे एच-4 बल्ब पुन्हा लावावेत आणि त्यांना रिलेमार्फत (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचमार्फत) थेट बॅटरीकडून वीज द्यावी. जुन्या गाड्यांत पुढच्या दिव्यांची सगळी वीज डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येते आणि वाटेत एक-दीड व्होल्ट सहज गळतो. हॅलोजन बल्बला साडेतेराऐवजी बारा व्होल्ट मिळाले की त्याचा प्रकाश सुमारे एक तृतीयांशाने घटतो. त्यामुळे रिलेवरचा 60 वॅटचा बल्ब, जुन्या वायरिंगवरच्या 100 वॅटच्या बल्बच्या तोडीचा प्रकाश देतो, आणि शिवाय होल्डर वितळत नाही. एवढ्याने एकूण भार सुमारे 54 वर येतो.

या भारासाठी 65 अँपियरचा अल्टरनेटर पुरेसा आहे. लुकास-टीव्हीएसच्या जुन्या ए115 मालिकेत 36 व 45 अँपियरचे नग असत, तर ए127 मालिका 65 ते 70 अँपियरपर्यंत जाते. तिच्या स्टेटरचा (रोटरभोवतीच्या स्थिर भागाचा) व्यासच मोठा असल्याने अल्टरनेटर जागेत बसतो की नाही, हे मोजून पाहावे लागते. 90 ला माझा विरोध आहे तो बेल्टमुळे. 65 अँपियर 14 व्होल्टला म्हणजे 910 वॅट, आणि अशा अल्टरनेटरची कार्यक्षमता 55 टक्के धरली तर इंजिनकडून सुमारे सव्वादोन अश्वशक्ती खर्च होते. तेवढी शक्ती एकच अरुंद व्ही-बेल्ट ओढतो, आणि तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. 65-70 च्या पुढे बेल्ट घसरतो, किंचाळतो, आणि न घसरावा म्हणून तो अति ताणला की पंपाचे बेअरिंग जाते. अल्टरनेटरची पुली लहान करून आयडलचा पुरवठा वाढवता येतो हे खरे, पण ती फार लहान केल्यास बेल्टची पकड कमी होते. शिवाय पूर्ण वेगाला रोटरच्या फेऱ्या 15,000 च्या वर जाऊ देऊ नयेत. त्यापेक्षा कार्ब्युरेटरवर एसीचे आयडल-अप नीट लावून घ्यावे. एसी चालू होताच इंजिन 950 ते 1000 फेऱ्यांवर आले की निम्मे काम तेथेच होते.

बसवताना अल्टरनेटरच्या पायाची रुंदी, बोल्टचा व्यास आणि ताण देण्याच्या पट्टीची लांबी जुळवावी. क्रँकच्या पुलीवर सरळ लोखंडी पट्टी टेकवून नवी पुली त्याच रेषेत आहे का ते पाहावे. फरक असल्यास लेथवर स्पेसर करून घ्यावा. वॉशरची चळत घालू नये आणि अल्युमिनियमचा पाय तासू तर मुळीच नये.

आता वायर. बहुतेक गॅरेजांत अल्टरनेटर नवा बसतो आणि जुनीच वायर त्याला जोडली जाते. मूळ वायर 4 चौरस मिलिमीटरची आणि दोन मीटर लांब असेल तर 65 अँपियरला तिच्यात सुमारे 0.56 व्होल्ट पडतात, म्हणजे 36 वॅट उष्णता तीस-पस्तीस वर्षांच्या कडक झालेल्या वेष्टनाखाली निर्माण होते. तीच वायर 16 चौरस मिलिमीटरची घेतली की घट 0.14 व्होल्टवर येते. ही नवी वायर अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलपासून थेट बॅटरीच्या धन टोकापर्यंत न्यावी, बॅटरीजवळ 80 अँपियरचा फ्यूज घालावा आणि दोन्ही टोकांना लग (बोल्टला अडकवण्याची धातूची कडी) दाबयंत्राने दाबून घ्यावेत. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे परतीचा प्रवाह इंजिन ते बॉडी या विणलेल्या पट्टीतून जातो. ती पट्टी हिरवी पडलेली असते, तेव्हा ती बदलावी आणि तिच्या बोल्टखालचा रंग खरवडावा.

चार्जिंगचा लाल दिवा हा केवळ सूचना देणारा दिवा नाही. त्याच्यातून जाणारा थोडासा प्रवाहच रोटरला सुरुवातीचे चुंबकत्व देतो. म्हणून तेथे 2.2 वॅटचा साधा बल्बच ठेवावा. हौसेने एलईडी लावल्यास गाडी सुरू करून एकदा रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही, आणि मग निष्कारण नव्या अल्टरनेटरला दोष दिला जातो. आपल्या गाडीत रेग्युलेटरचा (व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या भागाचा) वेगळा डबा असेल आणि नव्या अल्टरनेटरमध्ये तो अंगचाच असेल, तर जुना डबा मंडलातून पूर्णपणे काढून त्याच्या वायरची टोके बंद करावीत.

अन्य वाचकांसाठी दोन गोष्टी. गाडीला अल्टरनेटरऐवजी जुन्या पद्धतीचा डायनॅमो असेल तर प्रथम बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे ते पाहावे, कारण काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत ते धन असते आणि तशा जोडणीत अल्टरनेटरचे डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) क्षणात जातात. डिझेल गाडी असेल तर अल्टरनेटरच्या पाठीला ब्रेकचा व्हॅक्यूम पंप जोडलेला आहे का ते तपासावे. तो नसलेला अल्टरनेटर बसवला तर ब्रेक बूस्टर (ब्रेक दाबायला मदत करणारा भाग) निकामी होतो.

काम झाल्यावर सर्व उपकरणे चालू ठेवून इंजिन 2000 फेऱ्यांवर धरावे. मल्टिमीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलला आणि दुसरे बॅटरीच्या धन टोकाला लावल्यास 0.3 व्होल्टच्या आत आकडा यावा; अल्टरनेटरचे अंग आणि बॅटरीचे ऋण टोक यांत तो 0.2 च्या आत हवा. बॅटरीवर भार नसताना 14 ते 14.4 व्होल्ट दिसावेत. आयडलला सर्व भारासह 12.8 च्या खाली आकडा जात असेल, तर आयडलचा स्क्रू आधी पाहावा. चार्जिंग होते की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीचे टोक उपसण्याची जुनी रीत कोणी सुचवली, तर त्यास स्पष्ट नकार द्यावा. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळते आणि रेग्युलेटर व डायोड दोन्ही जाऊ शकतात. नवा बेल्ट पहिल्या आठवड्यात थोडा सैल पडतो, तेव्हा तो एकदा पुन्हा ताणून घ्यावा.