जुन्या वाफेच्या इंजिनांच्या रंगरूपावरून रेल्वेप्रेमी एवढे का भांडतात?

आपला प्रश्न असा आहे की, भंगारात जाऊ शकणारे वाफेचे इंजिन अफाट खर्च आणि अनेक वर्षांचे कष्ट घालून पुन्हा रुळावर आणले जाते, आणि ते शेडबाहेर पडताच रेल्वेप्रेमी रंग चुकला, धुराडे चुकले, क्रमांक चुकला म्हणून वाद घालू लागतात. इंजिन चालते आहे, एवढे त्यांना पुरेसे का वाटत नाही? मी कोल्हापूरचा आहे, रेल्वेच्या नोकरीत कधीच नव्हतो, निव्वळ हौशी माणूस आहे आणि अशा वादांत हिरिरीने भाग घेत आलो आहे. तेव्हा हे उत्तर तटस्थ माणसाचे आहे असे कृपया समजू नये.

वादाचे मूळ असे की, इंजिनाला एकच एक खरे रूप नसते. चाळीस-पन्नास वर्षांच्या सेवेत ते अनेकदा कारखान्यात जाते, तेथे त्याचा बॉयलर दुसऱ्या इंजिनाला आणि दुसऱ्याचा त्याला बसवला जातो, कोळसा-पाणी वाहणारा मागचा टेंडर बदलतो, मालक कंपनी बदलली की रंग आणि अक्षरेही बदलतात. मग पुनरुज्जीवन करणाऱ्याने यांपैकी कोणत्या वर्षीचे इंजिन उभे करायचे, हा प्रश्न टाळता येत नाही, आणि एक वर्ष निवडले की बाकीच्या वर्षांवर प्रेम करणारे नाराज होतात.

ब्रिटनमधील ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण आहे. नायजेल ग्रेस्ली यांच्या आराखड्यानुसार बांधलेले हे इंजिन १९२३ मध्ये डॉनकास्टरच्या कारखान्यातून बाहेर पडले, तेव्हा त्याचा क्रमांक १४७२ होता; पुढच्याच वर्षी तो ४४७२ झाला आणि कोवळ्या सफरचंदी हिरव्या रंगातील हाच ४४७२ जगभर लोकांच्या मनात बसला. १९४८ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर ते ६०१०३ झाले, काही काळ निळे आणि नंतर गडद हिरवे झाले. सेवेच्या अखेरीअखेरीस त्याला दुहेरी धुराडे मिळाले आणि १९६१ मध्ये धुराड्याच्या दोन्ही बाजूंना धूर वळवणारे उभे पत्रे बसले. १९६३ मध्ये ते सेवेतून निघाले तेव्हा अ‍ॅलन पेग्लर या उद्योजकाने ते विकत घेतले आणि पत्रे काढून, एकेरी धुराडे बसवून, पुन्हा सफरचंदी हिरवा रंग देऊन ते जुन्या ४४७२ च्या रूपात आणले. पुढे २००४ मध्ये ते तेथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने घेतले. प्रदीर्घ दुरुस्तीच्या मध्येच, २०११ मध्ये, ते युद्धकाळातील काळ्या रंगात लोकांना दाखवले गेले आणि २०१६ मध्ये मुख्य मार्गावर परतले ते गडद हिरव्या रंगात, ६०१०३ या क्रमांकाने, दुहेरी धुराड्यासह आणि त्या पत्र्यांसह.

सामान्य माणसाला वाटले की आपले आवडते हिरवे इंजिन हरवले. अभ्यासू रेल्वेप्रेमींना वाटले की आता कुठे ते प्रामाणिक झाले. मी दुसऱ्या गटात आहे, आणि त्याचे कारण भावनिक नसून यांत्रिक आहे. दुहेरी धुराड्यामुळे बाहेर पडणाऱ्या वाफेचा मार्ग मोकळा होतो आणि इंजिन अधिक चांगले चालते, परंतु वाफेचा झोत मऊ पडल्यामुळे धूर उंच न जाता बॉयलरच्या अंगाला चिकटून मागे येतो आणि चालकाची नजर अडवतो. पुढचे पत्रे वारा वर ढकलून तो धूर उचलतात. म्हणजे दुहेरी धुराडे ठेवायचे तर पत्रे हवेत, आणि दोन्ही ठेवल्यावर वर सफरचंदी हिरवा रंग व ४४७२ हा आकडा घातला तर असे इंजिन तयार होते, जे रेल्वेच्या सेवेत एकही दिवस अस्तित्वात नव्हते. तो रंग सुंदर आहे, हे मला मान्य आहे. तो हवाच असेल तर धुराडेही एकेरी करावे आणि चालण्यातली घट सोसावी.

पण रेल्वे कंपन्या स्वतः तरी कुठे एवढ्या काटेकोर होत्या? १९३८ मध्ये बांधलेले ‘डचेस ऑफ हॅमिल्टन’ हे इंजिन १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने अमेरिकेला पाठवताना कंपनीने त्याला ‘कॉरोनेशन’ या दुसऱ्या इंजिनाचे नाव आणि क्रमांक देऊन पाठवले होते. याच इंजिनाचे वारा कापणारे गुळगुळीत कवच पुढे १९४० च्या दशकात काढून टाकण्यात आले, आणि संग्रहालयातील अनेक वर्षे ते कवचाविनाच लोकांनी पाहिले; २००९ मध्ये मात्र नवे कवच घडवून त्याला पुन्हा मूळ रूप देण्यात आले. एका पक्षाचे म्हणणे, हेच त्याचे जन्मरूप आहे. दुसऱ्याचे म्हणणे, हा नवा पत्रा आहे आणि त्याखाली खरे इंजिन झाकले गेले. येथे मला दोन्ही बाजू पटतात, म्हणून पुढे जातो.

आपल्याकडचे उदाहरण ‘फेअरी क्वीन’चे. लीड्स येथे १८५५ मध्ये बांधलेले हे इंजिन ईस्ट इंडियन रेल्वेचे २२ क्रमांकाचे इंजिन म्हणून कलकत्त्यास आले, १९०९ मध्ये निवृत्त झाले आणि १९९७ मध्ये पुन्हा चालते करून दिल्ली-अलवर मार्गावर पर्यटकांसाठी धावू लागले; नियमित चालणारे जगातील सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून गिनीजने १९९८ मध्ये त्याची नोंद घेतली. ज्या नावाने आपण त्याला ओळखतो ते नाव मात्र त्याला १८९५ मध्ये मिळाले. तेव्हा ‘ते अगदी १८५५ सारखे दिसले पाहिजे’ असा आग्रह धरणाऱ्याने सर्वप्रथम त्याची नावाची पट्टी काढायला हवी. मी हे एकदा एका आग्रही मित्राला सुनावले, तेव्हा तो विषय बदलून कोळशाच्या भावावर गेला.

आता रंगाच्या पुराव्याकडे येतो, कारण बहुतेक भांडणे येथेच होतात आणि येथेच ती सर्वांत कमकुवत पायावर उभी असतात. जुनी छायाचित्रे कृष्णधवल आहेत, एवढीच अडचण नाही. पूर्वी छायाचित्रे ज्यांवर घेत त्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना तांबडा प्रकाश जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे तांबडा भाग छायाचित्रात काळा आणि निळा भाग वाजवीपेक्षा फिकट उमटे. छायाचित्रातल्या काळ्या बफरबीमवरून, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या आडव्या तुळईवरून, ‘येथे काळाच रंग होता’ असे ठामपणे सांगणारा माणूस म्हणूनच अनेकदा तोंडघशी पडतो. शिवाय इंजिन बांधणारे कारखाने नव्या इंजिनाचे छायाचित्र स्पष्ट यावे म्हणून त्याला तात्पुरता राखाडी रंग देत आणि छायाचित्र झाल्यावर खरा रंग देत, त्यामुळे सर्वांत स्वच्छ, सर्वांत तपशीलवार छायाचित्रच कधीकधी सर्वांत फसवे असते. मूळ रंगाचा तुकडा सापडला तरी त्यावरचे वार्निश वर्षानुवर्षे पिवळे पडत जाते आणि निळ्याचा हिरवट करून टाकते. लेखी नोंदींवर विसंबावे, तर विल्यम स्ट्राउडली या इंजिन अधीक्षकाने एकोणिसाव्या शतकात ‘सुधारित इंजिन हिरवा’ या नावाने वापरलेला रंग प्रत्यक्षात पिवळसर सोनेरी होता. १८८२ मध्ये बांधलेले ‘ग्लॅडस्टन’ आजही त्याच पिवळ्या रंगात ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहात आहे. स्ट्राउडली यांना रंगच नीट दिसत नसत, असे काही जण सांगतात. मला त्यापेक्षा, मालकांना ‘हिरवाच आहे’ असे सांगून त्यांनी आपल्या मनासारखे करून घेतले, ही शक्यता अधिक आवडते, पण हा माझा निव्वळ खेळकर तर्क आहे.

भारतात आणखी एक गोष्ट घडत असे, जी इंग्रजी पुस्तके वाचून मत बनवणारे आपले रेल्वेप्रेमी विसरतात. ठरावीक चालकांकडे ठरावीक इंजिन दिले जात असे त्या काळात ते ड्रायव्हर-फायरमन आपापले इंजिन पदरच्या पैशांनी सजवत. पितळी पट्ट्या घासून चकचकीत ठेवायच्या, चाकांच्या धावा पांढऱ्या रंगवायच्या, डब्ल्यूपी जातीच्या इंजिनाच्या बंदुकीच्या गोळीसारख्या नाकावरचा तारा आरशासारखा करायचा, खंडेनवमीला हार-तोरणे चढवायची. त्यामुळे हरियाणातील रेवाडीच्या शेडमधील ‘अकबर’सारखे डब्ल्यूपी इंजिन नटूनथटून बाहेर पडले की ‘हे काय लग्नाच्या घोड्यासारखे केले आहे’ म्हणून नाके मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. नटवणे ही येथील इंजिनांची खरी वहिवाट होती. काळवंडलेले, तेलकट, कामात मळलेले इंजिनच खरे, हा आग्रहसुद्धा अखेर आवडीचाच भाग आहे. (मला स्वतःला मळलेलेच आवडते.)

विजेच्या किंवा डिझेलच्या इंजिनाला वाफेच्या इंजिनाचा मुखवटा चढवण्याची नवी पद्धतही आली आहे. एकतानगर ते अहमदाबाद ही २०२३ मध्ये सुरू झालेली हेरिटेज गाडी तशीच आहे. तिच्यावरही तावातावाने लिहिले जाते. मला त्यात वादाचा विषय दिसत नाही, कारण तेथे कोणतेही जुने इंजिन बिघडवलेले नाही.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. आम्ही रेल्वेप्रेमी रंगावर इतके भांडतो की लोखंडाकडे पाहायचे राहून जाते. चुकीचा रंग पुढच्या खेपेस बदलता येतो. परंतु वाळूचा मारा करून इंजिन पांढरेशुभ्र खरवडले की जन्मापासूनचे रंगाचे सगळे थर एका दुपारी नाहीसे होतात, आणि मग कोणता रंग खरा हे ठरवण्याचे एकमेव भरवशाचे साधन उरत नाही. कनेक्टिंग रॉडवर, चाकांवर, व्हॉल्व्हच्या सुट्या भागांवर इंजिनांचे क्रमांक ठोकलेले असतात. कोणता भाग कोणत्या इंजिनावरून आला याची ती जन्मपत्रिकाच असते, आणि ग्राइंडर लावणारा कारागीर ती न वाचता पुसून टाकतो. चौथऱ्यावरच्या इंजिनांचे तर दर उद्घाटनाला नव्या तैलरंगाखाली बांधणीची पाटीसुद्धा बुजते. अशा वेळी ‘हिरवा दोन छटा गडद झाला’ ही तक्रार मला फार लहान वाटते. चालवण्यासाठी करावे लागणारे बदल मात्र मी खुशाल मान्य करतो: व्हॅक्यूम ब्रेकच्या काळातील इंजिनाने आजचे डबे ओढायचे तर त्यावर हवेच्या ब्रेकची सामग्री बसणारच, आणि अमेरिकेत युनियन पॅसिफिकने १९४१ चे ‘बिग बॉय’ ४०१४ हे इंजिन २०१९ मध्ये पुन्हा धावते केले ते कोळशाऐवजी तेलावर. काढलेला भाग भंगारात न देता क्रमांक घालून जपून ठेवला, म्हणजे झाले.

आपण म्हणाल, कोल्हापुरात बसून या माणसाला याचे काय? समजा, उद्या आमच्या स्टेशनसमोर एखादे मीटरगेज इंजिन आणून ठेवायचे ठरले. मिरज-कोल्हापूर हा मार्ग राजर्षी शाहू महाराजांच्या हस्ते १८८८ मध्ये पायाभरणी होऊन १८९१ मध्ये संस्थानची रेल्वे म्हणून सुरू झाला, सदर्न मराठा आणि नंतर मद्रास अँड सदर्न मराठा कंपनीने तो चालवला, १९५१ मध्ये तो दक्षिण रेल्वेकडे आणि १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला आणि १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला. प्रत्यक्षात आज मिळण्याजोगे मीटरगेज इंजिन बहुधा वायपी किंवा वायजी जातीचे, म्हणजे स्वातंत्र्यानंतर बांधलेले असेल. आणि मला खात्री आहे की कोणीतरी उत्साहाने त्यावर संस्थानचे राजचिन्ह आणि ‘कोल्हापूर स्टेट रेल्वे’ ही अक्षरे सोनेरी रंगात काढायला सांगेल. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले; त्यानंतर बांधलेल्या इंजिनाने ते चिन्ह मिरवणे म्हणजे आपल्याच इतिहासाची थट्टा आहे. दसऱ्याला निघणारी छत्रपतींची मेबॅक मोटार कोणी चंदेरी रंगवून त्यावर आधुनिक चाके बसवली, तर हेच लोक रस्त्यावर उतरतील, मग इंजिनाच्या बाबतीत आपण एवढे ढिले का असावे?

माझे मत विचाराल तर त्या इंजिनाला साधा काळा रंग द्यावा आणि रूप १९७१ च्या थोडे आधीचे ठेवावे. त्या वर्षांची छायाचित्रे लोकांच्या अल्बममध्ये सापडू शकतात आणि रुकडीच्या पंचगंगा पुलावरून वाफेच्या गाडीने गेलेली माणसे अजून सांगायला आहेत. १८९१ चे रूप सांगणारा कोणी नाही. न सापडणारे सुटे भाग उद्यमनगरातील फाउंड्रीत पॅटर्न देऊन बिडात ओतून घेता येतील, फक्त प्रत्येक नव्या भागावर ओतल्याचे वर्ष ठोकावे. खरवडण्याआधी चार-सहा ठिकाणी रंगाचे थर पाण्याच्या पॉलिश कागदाने उतरते घासून त्यांची छायाचित्रे काढावीत. आणि शेजारच्या फलकावर इंजिनाची जात, बांधणीचे वर्ष, ते खरोखर कोणत्या शेडमध्ये राबले ते, आणि आज ज्या वर्षीचे रूप दिले आहे ते वर्ष, असे चारच तपशील लिहावेत; ते कोल्हापूरला कधीच आले नसेल, तर तेही त्याच फलकावर लिहावे.