नोकरीत उडालेला विश्वास परत बसतो का?

बढतीचा शब्द देऊन वरिष्ठांनी ऐनवेळी हात वर केले, आता या कंपनीवर पुन्हा विश्वास ठेवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. ठेवता येतो, पण फार थोड्या ठिकाणी तसं होताना मी पाहिलंय. बरीच वर्षं एचआरमध्ये काम करतोय, त्यावरून सांगतो.

बढती किंवा पगारवाढ हुकली की माणूस चिडतो, पण मन उठतं ते बहुतेक वेळा कारण न सांगितल्यामुळे. 'वरून आलंय' एवढंच उत्तर मिळतं ना, तेव्हा. कामाच्या ठिकाणच्या वागणुकीवर संशोधन करणारे जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० सालचा एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्या एका कंपनीने दोन कारखान्यांत १० आठवड्यांसाठी १५ टक्के पगार कापला. एकीकडे प्रमुखाने कामगारांना बसवून कपात का करावी लागतेय ते आकड्यांनिशी सांगितलं, खेद व्यक्त केला, सगळ्या प्रश्नांना उत्तरं दिली. दुसरीकडे निर्णय कळवला आणि विषय संपवला. कपात दोन्हीकडे तेवढीच, पण या दुसऱ्या कारखान्यात चोऱ्या कितीतरी जास्त वाढल्या आणि नोकरी सोडणारेही जास्त निघाले.

ऑफिसात विश्वास उडाल्याची लक्षणं राजीनाम्याच्या खूप आधी दिसतात. 'या तारखेला हे होणार नाही' असं मीटिंगमध्ये ठणकावून सांगणारा माणूस 'बरं, बघतो' म्हणायला लागतो. तोंडी सांगितलेल्या कामावर 'एक मेल टाका ना' म्हणतो. मग व्यवस्थापनालाही संशय येतो. माऊस किती वेळ हलला हे मोजणारं सॉफ्टवेअर बसतं, आणि लोक माऊस आपोआप हलवणारं यंत्र विकत आणतात. दोन्ही बाजूंची अक्कल पहाऱ्यात खर्च होते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सहली आणि 'आपण एक कुटुंब आहोत'ची भाषणं यावर काहीही करू शकत नाहीत. ज्याने शब्द दिला होता त्यानेच 'तो पाळला गेला नाही' असं म्हणायला हवं, कारणासकट.

तुम्ही वरिष्ठांकडे वेळ मागा आणि सरळ विचारा: बढती कशामुळे थांबली, कोणी थांबवली, पुढचा निर्णय कधी? बोलणं झालं की त्याच दिवशी ठरलेलं मेलवर लिहून पाठवा, धमकीचा सूर न लावता. तारीख पाळली गेली तर थांबायला हरकत नाही. ती गेली आणि कोणी चकार शब्द काढला नाही, तर दुसरी नोकरी शोधायला लागा.