खाली की वर, आधी ठरव

प्रिय पोरीस अनेक आशीर्वाद,

तुझी आई फोनवर सांगत होती, वॉकर धरून तू न्हाणीपर्यंत जातेस, पण स्वयंपाकघरात गेलीस की तुला रडू येतं. सगळे तूर सोंगायला वावरात गेले की घरात तू एकटी, आणि पडायच्या आधी जे काम चुटकीसरशी व्हायचं ते आता अंगावर येतं. मी दीड वर्षाची होते तेव्हा पोलिओने माझा पाय गेला. तीस वर्षं झाली, कुबडीवर संसार करते आहे. त्यातून जे कळलं ते तुला लिहिते.

तुझी ताकद जाते कशात, ते आधी बघ. आपल्या खेड्यातल्या घरात चूल खाली, विळी खाली, धुणं-भांडी खाली; आणि पिठाचा डबा, तेल-मीठ फळीवर. स्वयंपाकाने माणूस तेवढं थकत नाही, जेवढं या उठबशीने थकतं. म्हणून सकाळीच ठरवायचं, आज खाली बसून करायचं की वर. खाली बसलीस तर सगळं हाताशी घेऊनच बस आणि काम संपल्यावर एकदाच ऊठ. वर करायचं तर ओट्याजवळ उंच स्टूल ठेव आणि एकही गोष्ट खाली ठेवू नकोस. आनंदवनाच्या बाबा आमट्यांना पाठीच्या दुखण्यामुळे बसताच येत नसे. एक तर उभं राहायचं, नाही तर आडवं व्हायचं. १९८५ साली कन्याकुमारीहून निघालेली भारत जोडो यात्रा त्यांनी तशीच केली, गाडीत आडवं पडून. मला थकवा आला की मी त्यांना आठवते.

तू वरच काम कर, असं माझं मत. वॉकरवाल्या माणसाला जमिनीवरून उठणं फार जड जातं.

विळी मात्र आजच उचलून ठेव. तिच्या पाटावर पायाचा भार लागतो, तो तुझ्या पायाला पेलणार नाही, आणि विळी हलली की बोट गेलंच समज. त्याऐवजी सुताराकडून एक फळी करून घे. फळीच्या खालून दोन खिळे असे ठोकायचे, की त्यांची टोकं वर बोटाच्या पेराएवढी निघतील. कांदा, बटाटा, वांगं त्या टोकांवर रोवायचं. भाजी जागची हलत नाही, एका हाताने चाकू चालतो, दुसऱ्या हाताने ओटा धरता येतो. काम झालं की टोकांवर बुचं खोवून ठेव, घरात लेकरं आहेत. कणीक मळताना परातीखाली ओला फडका घातला की परात फिरत नाही.

गरम गंज, म्हणजे पातेलं, हातात धरून चालायचं नाही, कधीच नाही. ओट्यावरून सरकवत न्यायचा. वॉकरला पुढून झोळी बांध, पण तिच्यात हलकंच सामान टाक. पुढे वजन झालं की वॉकर तोंडावर आपटतो. पाण्याचा भरलेला गुंड तर विसरूनच जा. वीस लिटरची बादली म्हणजे वीस किलो वजन. तोटीचा ड्रम विटांच्या चौथऱ्यावर बसवून घे, नळ आला की घरच्यांनी पाइपने भरून द्यावा, आणि तू तोटीखाली लहान तांब्या धर.

न्हाणीत मी एकदा पडले ते टॉवेलची दांडी धरल्यामुळे. ती भिंतीतून उपटून माझ्या हातात आली आणि मी महिनाभर बाजेवर होते. दांडी हवी तर लोखंडी पाइपची, गवंड्याकडून भिंतीत सिमेंटने पक्की केलेली. बसायला प्लास्टिकची खुर्ची चालेल, पण तिचे पाय फरशीवर घसरतात का ते आधी घरच्या कोणाला तरी बसवून बघ. वॉकरच्या पायांचे रबर झिजले की लगेच बदल, पावसाळ्याची वाट बघू नकोस.

छपरीच्या पायऱ्यांवर उतार करतील तेव्हा तू स्वतः समोर उभी राहा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. गवंडी चार फुटांत उरकतो आणि मग त्या घसरगुंडीवरून कोणी चढत नाही. पैशाची काळजी असेल तर ग्रामपंचायतीत विचार. आपल्या उत्पन्नातले ५ टक्के पंचायतीने दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यासाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र हाती हवं. ते काढायला लाजू नकोस. मी लाजले, आणि माझी दहा वर्षं त्यात गेली.

आईला एवढं सांग, की डबे रोज एकाच ठरलेल्या जागी लाव, आणि ते तुझ्या कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर. आणि तू भाजी चिरत असताना तिने हातातून चाकू काढून घेऊ नये, कितीही वेळ लागला तरी.

भाजी चिरायच्या फळीचं माप दीड फूट बाय एक फूट. खिळे स्टीलचे घे, साधे गंजतात.

तुझी,
मावशी