सही नंतर बघा, आधी उलटं करा

प्रश्न : मुंबईच्या चोरबाजारात ब्राँझचा एक ग्रेहाउंड बघितला. वीतभर लांब, खाली काळा संगमरवर, पायाशी 'पी. जे. मेन' अशी सही. दुकानदार म्हणतो, दीडशे वर्षांचा फ्रेंच माल आहे. छत्तीस हजार सांगतोय. हजार रुपये इसार देऊन अडवून ठेवलाय. घेऊ का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : फोटो चार पाठवलेत, त्यातले तीन समोरून. सगळे असंच करतात. मला कुत्र्याच्या तोंडापेक्षा त्याच्या बैठकीची खालची बाजू बघायची असते.

पिएर-ज्यूल मेन (१८१०–१८७९) हा पॅरिसचा शिल्पकार. बाप धातूचं खरादकाम करायचा, त्यानेच पोराला ओतकामाचे पहिले धडे दिले. पुढे मेनने स्वतःची भट्टी टाकली आणि मध्यमवर्गीय घरातल्या फडताळावर मावतील एवढे घोडे, कुत्रे, हरणं ओतली. त्याच्या आधी अंत्वान-लुई बारी वाघ-सिंह घडवत होता, तर टीकाकार त्याला 'जनावरंवाला' म्हणून हिणवत. मेनच्या वेळेपर्यंत त्याच जनावरांना घरोघर गिऱ्हाईक होतं.

आता मुद्द्याचं. मेनने ठरावीक नग काढून साचा मोडला असं कधी केलं नाही. खपेल तेवढं ओतलं. तो गेल्यावर जावई ऑग्युस्त केनने ते चालू ठेवलं, नंतर सुस या ओतशाळेने. शिवाय नकला करणारे तेव्हापासून आजपर्यंत आहेतच. त्यामुळे सही एवढंच सांगते की मूळ नमुना कुणाचा. हा नग कुणी, कधी ओतला हे ती सांगत नाही.

तयार ब्राँझवरूनच साचा काढला, तर नवा नग थोडा लहान होतो, कारण धातू थंड होताना साधारण दीड-दोन टक्के आकसतो. तेव्हा मोजपट्टी घ्या आणि जुन्या लिलावांच्या कॅटलॉगमधली मापं ताडून बघा. त्याहून सोपं म्हणजे भिंगातून पंजे बघणं. ओतून झाल्यावर मेनच्या भट्टीत छिन्नीने काम होई. बोटं सुटी दिसतात, बरगड्यांची धार लागते, नाकपुडीला खोली असते. नकलेत हे सगळं विरघळलेल्या साबणासारखं गुळगुळीत होतं. उलटं करून कोपऱ्यात हलकेच खरवडलं आणि सोनेरी चमकलं तर ब्राँझ किंवा पितळ. राखाडी चमकलं तर जस्ताचा मिश्रधातू, वर नुसता रंग. (दुकानदाराला विचारून खरवडा. नाहीतर तेवढ्यावरून तो माल गळ्यात मारेल.)

तुमच्या ग्रेहाउंडचे पंजे एकमेकांना चिकटलेत. चौथ्या फोटोत, तुमचा अंगठा आडवा आलाय तिथे, खाली षटकोनी नट दिसतोय, तोही चकचकीत. आणि बैठकीवरचा तो 'ब्राँझ गारांती, पारी' (म्हणजे 'खात्रीचं ब्राँझ, पॅरिस') असा गोल शिक्का! असा शिक्का आणि खाली काळ्या संगमरवराची लादी ही जोडी आधुनिक नकलांवर फार दिसते. इसार सोडून द्या. कुत्रा आवडलाच असेल तर शोभेची नवी वस्तू म्हणून भाव करा. जुन्याचे पैसे देऊ नका.

प्रश्न : आजीच्या काचेच्या कपाटात दोन इंची रंगीत डॅशहुंड कुत्रा आहे. रंग उडालाय. पितांबरीने घासून पुन्हा रंगवू का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नको! पितांबरी, चिंच, ब्रासो, काहीही नको. हे व्हिएन्नाचं काम दिसतंय. तिथे ब्राँझवर भट्टीत न भाजता हाताने रंग देत, त्यामुळे कान, नाक, पाठ अशा उंचवट्यांवरून तो आधी जातो. उडालेला मूळ रंग चालतो. नवा रंग दिलात की किंमत गेली. पोटाखाली दोन कानांच्या कलशात 'बी' अक्षर सापडलं तर तो बहुधा तिथल्याच फ्रान्झ बर्गमनच्या कारखान्याचा. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बास. तुमच्याकडची खारी हवा बघता कपाटात ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा. फिकट हिरवी भुकटी सुटायला लागली, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा.

प्रश्न : देव्हाऱ्यात घोड्यावरचा खंडोबा आहे, पणजोबांच्याही आधीचा. सोबत सुटा छोटा कुत्रा. एक व्यापारी फक्त कुत्रा मागतोय, चांगले पैसे देतोय. विकू का?
— एक वाचक, बारामती

उत्तर : त्याला पारख आहे, म्हणूनच सुटा मागतोय. बैठकीवर कुत्र्याच्या मापाचा खळगा असेल, तर तो त्याच मूर्तीचा. दोघांची झीजही जुळवून बघा. रोजच्या स्नानाने आणि भंडाऱ्याने चोळून देवाचं नाक-डोळे पुसट झाले असतील, तर कुत्र्याचं थोबाडही तसंच हवं. ही झीज नकलेत सहजासहजी जमत नाही. आणि शंभर वर्षांपुढच्या धातूमूर्तीला १९७२चा पुरावस्तू कायदा लागतो. नोंदणी करावी लागते, खासगी माणसाला ती परदेशी पाठवताच येत नाही. आधी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे मूर्ती आणि कुत्रा यांचे एकत्र फोटो घेऊन जा. व्यापाऱ्याला मी तरी चहा पाजून वाटेला लावला असता.